कपाटामागची काच

आमच्या ह्यांना कचेरीत खुट्टराव म्हणायचे. कुठे खुट्ट झालं की ह्यांचे कान उभे राहत, म्हणून. नोकरी पाडकामाच्या परवान्यांची होती. कुणाला आपलं जुनं घर, दुकान पाडायचं असलं की आधी हे जाऊन बघणार, आणि हे ‘हं’ म्हणाले तरच परवाना मिळणार. स्वतःचं घर पाडायला परवानगी कसली, म्हणून लोक भांडायचे. हे म्हणायचे, “घर तुमचंच हो, पण पडतं ते शेजाऱ्यावर.”

वीज तोडली, पाणी तोडलं, उंदीर मारले, घर रिकामं केलं, शेजाऱ्याची हरकत नाही, असं सगळं अर्जासोबत लिहून यायचं. ह्यांचा त्यातल्या एका अक्षरावर विश्वास नसे. हे शेगडीला हात लावून बघत, न्हाणीतला साबण ओला आहे का ते बघत, आणि मग खोलीच्या मधोमध उभं राहून नुसता कानोसा घेत. एकदा अशाच रिकाम्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक म्हातारा भाडेकरू सापडला. बाहेरून कुलूप होतं. मालक म्हणाला, गडबडीत लक्षातच राहिलं नाही. त्या दिवशी हे घरी आले तेव्हा जेवले नाहीत. त्यानंतर मात्र ह्यांच्या संशयाला सरकारी शिक्काच मिळाल्यासारखं झालं.

मग तो संशय घरी यायला लागला. दूधवाल्याचं माप चुकीचं, जावयाचं हसणं चुकीचं. मुलानं वाकून नमस्कार केला तर मागे सरकून विचारायचे, “काय हवंय?” कुणाच्याही घरी चहा आला की आधी वास घ्यायचा, मग घोट. आमच्या मुलीच्या घरीसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्या हातचा कप मात्र पेपरातून डोकं वर न काढता घेत आणि संपवत. साऱ्या जगात दोनच गोष्टींवर ह्यांचा भरवसा होता. एक मी आणि दुसरं आमचं घर.

घर माझ्या वडिलांचं. त्यांनी जाण्याआधी ते माझ्या नावावर करून दिलं होतं. निजायच्या खोलीत, शिंप्याच्या घराला लागून असलेल्या भिंतीला एक तडा गेला होता. आधी केसासारखा होता. मग त्यात माझं नख जायला लागलं. मी दाखवला तेव्हा हे म्हणाले, “गिलावा सुकलाय, दुसरं काही नाही.” आणि कपडे ठेवायचं लोखंडी कपाट ओढून त्याच्यापुढे उभं केलं. दुसऱ्या कुणी असं कपाट उभं केलं असतं, तर ह्यांनी आधी ते हलवायला लावलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी पुन्हा बोलले. हे घर पाडून लहानसं, एकाच मजल्याचं बांधू या म्हटलं. ह्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “तुझ्या डोक्यात हे कुणी भरवलं?” मला इतका राग आला. जणू माझ्या डोक्यात आपलं आपण काही उगवतच नाही.

निवृत्तीनंतर ह्यांची पिशवी खुंटीलाच लटकत होती. तिच्यात काचेच्या पट्ट्या होत्या. भिंतीच्या तड्यावर आडवी पट्टी लावून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवायची. तडा जुना, थांबलेला असला तर काच शाबूत राहते. भिंत सरकत असली तर तुटते. ह्यांनीच कधीतरी मला हे सांगितलं होतं. कपाटामागे हात जाईल एवढी फट होती. हे बाजारात गेले तेव्हा मी एक पट्टी लावून टाकली. काही आठवड्यांनी टॉर्च मारून बघितलं. काच मधोमध तुटली होती. त्याच भिंतीच्या कुशीत आम्ही दोघं निजत होतो.

मी अर्ज केला. ह्यांच्या जागेवर आता ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला इन्स्पेक्टर बसतो, टक्कल पडलेला, भला माणूस. माझा अर्ज बघून त्याला घाम फुटला. “वहिनी, साहेबांना कळलं तर ते आधी मलाच पाडतील.” मी म्हटलं, “पाहणीच्या दिवशी मी सांगते. तोवर गप्प बसा.” आणि घरी ताकास तूर लागू दिली नाही.

पण ज्यानं जन्मभर पाडकामांची पाहणी केली, त्याच्यापासून पाडकाम कसं लपवणार? उंदीर मारणारा माणूस येऊन गेला. मी म्हटलं, स्वयंपाकघरात लेंड्या दिसल्या. वीजवाला येऊन मीटर बघून गेला. मग एका सकाळी आमचा शेजारी शिंपी ह्यांच्या नजरेला नजर न देता घाईघाईनं स्वतःच्या घरात शिरला, आणि ह्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

“उंदीरवाला, वीजवाला आणि भिंतीचा शेजारी,” हे जेवताना हळूच म्हणाले. “हे तिघं एकत्र कधी येतात, माहीत आहे?”

“कधी?” मी विचारलं.

“घर पाडायचं असतं तेव्हा. आपला मुलगा आपल्याला घराबाहेर काढतोय.”

त्यानंतर घराची कचेरीच झाली. मुलाचा फोन आला की हे माझ्या कानाला कान लावून बसत. तो रविवारी आला आणि सहज भिंतीला टेकून उभा राहिला, तर हे म्हणाले, “बघ बघ, अंदाज घेतोय.” त्यानं आमच्या नातीसाठी मोजपट्टी मागितली, तर त्याला दाराबाहेरच घालवायचे बाकी राहिले. मग त्याच्याशी बोलणंच बंद केलं. एका दुपारी त्यांनी घराची सगळी कागदपत्रं आणून माझ्या मांडीवर ठेवली. “तुझ्याजवळ ठेव. तुझ्याशिवाय कुणाच्या हाती लागता कामा नयेत.” अर्जाला जोडायला मला नेमका त्यातलाच एक कागद हवा होता. मी तो काढून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण मला हसू आलं नाही.

हे बाहेर गेले होते तेव्हा मुलाचा फोन आला. “आई, मी केलंय तरी काय?” मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “माझ्या नावावर खपतंय म्हणून तू गप्प बसलीस?” मी म्हटलं, थोडेच दिवस. त्यानं फोन ठेवला.

पाहणीच्या सकाळी इन्स्पेक्टर दारात उभा राहिला. हे जणू त्याची वाटच बघत होते. “ये. अर्जदाराला आण समोर. बघू दे त्याचं तोंड.”

इन्स्पेक्टर माझ्याकडे बघायला लागला.

“मी आहे अर्जदार,” मी म्हटलं.

ह्यांना वाटलं मी मुलाला पाठीशी घालतेय. “तू मध्ये पडू नकोस.”

मी इन्स्पेक्टरला म्हटलं, “ते कपाट सरकवा.” त्यानं सरकवलं. तड्यात आता बोट गेलं असतं. काचेची दोन टोकं सिमेंटमध्ये घट्ट होती आणि मधलं अंतर सरळ दिसत होतं.

हे पुढे झाले. तुटक्या कडेवरून अंगठा फिरवला. सिमेंट किती वाळलंय ते नखानं बघितलं. “कुणी लावली?”

“मी.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, कुणी भरवलं म्हणून.”

ह्यांनी मोरीत जाऊन नळ सोडून बघितला. मग इन्स्पेक्टरला म्हणाले, “मोरीतला नळ अजून चालू आहे. पाणी तोडल्याचा कागद जोडला असेल तर तो खोटा आहे. ते तोडल्याशिवाय परवाना देऊ नकोस.” एवढं बोलून पिशवी खुंटीवरून काढली, खांद्याला लावली आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले.

मी शेजारी जाऊन बसले. हे म्हणाले, “संशय पोरावर घेतला, जावयावर घेतला, त्या शिंप्यावर घेतला. तुझ्यावर घ्यायचा राहूनच गेला.”

घर पाडलं. भिंत ओढली तेव्हा अर्धी आपणहून खाली आली, असं मजूर सांगत होते. म्हणजे माझं बरोबर होतं. ह्यांनी मुलाला स्वतः फोन केला, चुकलो म्हणाले. नवं घर होईपर्यंत आम्ही भाड्याच्या खोलीत राहतोय. पहिल्या सकाळी मी चहा करून दिला. ह्यांनी कप घेतला, पेपर बाजूला ठेवला, कप नाकाशी नेला, आणि मग एक घोट घेतला. मला ते फार लागलं. मी माझाही कप उचलला.