पाटात पाय घातल्याबिगर

डोंगरातल्या ओढ्यावरनं आमचा पाट निघतो आन् शेताशेताला पाणी सोडायची एकतीस दारं करत खालच्या केळीत जिरतो. कुठलं दार कुणाचं, पाण्याची पाळी कितव्या दिवशी, सकाळची का दुपारची, ती मुळात कुणाला आन् कशापायी दिली, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात. न्देतारामो आबा. चाळीस वर्षं पाटकरी. दिवस उजाडला की खांद्यावर कुदळ टाकून अनवाणी पाटात उतरायचा आन् पोटरीभर पाण्यातनं, वरच्या मुखापासनं खालपर्यंत, खेकड्यांची बिळं बुजवत चालायचा. चालताना पुटपुटायचा. बायांना वाटायचं, म्हातारा देवाचं नाव घेतोय. मी एकदा मागनं कान देऊन ऐकलं, तर कुणाच्या तरी मेलेल्या बापाला शिव्या घालत होता. त्या बापानं म्हणे कुठल्याशा दुष्काळात चोरून दार मोडून पाणी घेतलं होतं.

माणूस बारका, वाळल्या शेंगेसारखा. तळपाय मात्र बघावेत, उन्हाळ्यातली भेगाळलेली जमीन नुसती. जोडा त्यानं लग्नात घातला होता, त्यानंतर यंदापर्यंत नाही.

यंदा वरनं हुकूम आला, पाळ्या वहीत लिहून काढा. गावाचा सेक्रेटरी शिरिमा. गडी हुशार, पण शाळेत शिकवलं तेवढाच. त्यानं दारांशेजारच्या दगडांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले, एक ते एकतीस. ज्याचं त्यानं सांगितलं, शिरिमानं लिहिलं. सोळापर्यंत सुरळीत गेलं. सतराव्याला गाडं अडलं.

ते दार अनाएलीचं. अनाएली मागल्या साली वारला. त्याची बायको आयकारुवा त्याच पाण्यावर नाचणी काढते. पाणी गेलं तर नाचणी गेली, आन् नाचणी गेली तर घरात आंबील नाही आन् केळ्यात घालून म्बेगे गाळायला दाणा नाही. म्बेगेबिगर आमच्यात पाहुण्याचा मान होत नाही. दुसरी कुठलीही दारू दिली तरी तो घरी जाऊन नावं ठेवतो. म्हणजे बाई जगली काय आन् मेली काय, सारखंच.

अनाएलीचा धाकटा भाऊ किसांगा. त्याचं म्हणणं, "पाळी बापाची. दादा होता तवर त्यानं वापरली, मी हूं की चूं केलं न्हाई. आता बापाचा ल्योक मीच उरलो."

आयकारुवा म्हणाली, "पाळी माझ्या मालकाला पाटाच्या बैठकीनं दिली. बापाचा काय संबंध?"

"का दिली? कवा दिली?"

ते तिला ठाऊक नव्हतं. त्या काळी बायांनी पाटाच्या बैठकीकडं फिरकायची चाल नव्हती. अनाएली तर कमी बोलणारा, बायकोला एवढंच सांगून गेला की पाणी आपलं आहे. बैठकीतले म्हातारे एकेक करून मातीत गेले. उरला आबा.

मग आबाला कचेरीत बोलावलं. कचेरीत जायचं म्हणून त्यानं जावयाचे जोडे घातले, एक बोट लहान. सेक्रेटरीनं मानानं खुर्ची दिली. भिंतींना नवा रंग, त्याचा वास डोक्यात जात होता. गाव दाटीवाटीनं बसलेलं.

"आबा, सतराव्या दाराचं सांगा."

"सतरावं कंचं?"

"अनाएलीचं हो," मागनं कुणीतरी ओरडलं.

"हां, अनाएलीचं. थांब, वरनं येऊ दे मला. मुखाशी पयलं दार..."

"आबा, वरची सोळा झाली की लिहून. तेवढं सतरावंच सांगा. पाळी बापाला दिली का अनाएलीला?"

आबानं जोड्यांकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. पाणीच आटल्यागत माणूस कोरडा पडला. आयकारुवा पदराचं टोक चावत त्याच्या तोंडाकडं बघत होती, आन् आबाला तिच्याकडं बघवेना.

"न्हाई गा आठवत," तो शेवटी म्हणाला.

"वय झालं," सेक्रेटरी हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "शुक्रवारपर्यंत साक्ष मिळाली तर बघू. न्हाईतर बापाची म्हणून किसांगाच्या नावावर लिहितो."

घरी आबा चुलीपाशी बसला तो उठेना. बायको आइसिया केळी सोलत होती.

"डोकं गेलं माझं," आबा म्हणाला. "त्या बाईचं पाणी माझ्या डोक्यात बुडालं."

"डोकं हुतं कवा जायला?"

"चेष्टा नको गं."

"चेष्टा कसली? सकाळधरनं मी तीनदा आतल्या खोलीत गेले. आत गेलं की सुचेना, काय न्यायला आले. तशीच परत येऊन चुलीपुढं बसले, रिकामं भांडं दिसलं, की लगेच, अगं बया, मीठ! मग मी काय केलं? आत बसून रडले का? चुलीपाशी आले."

आबा तिच्याकडं बघतच राहिला.

"बघतोस काय? तुझी चूल कचेरीत हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हाताऱ्यानं निरोप धाडला. साक्ष द्यायची तर मुखापासनं देणार. सेक्रेटरीनं वही घेऊन वर यावं, किसांगानं यावं, आयकारुवानंही यावं. बायांनी पाटाच्या साक्षीला यायची चाल नाही म्हणून दोघा-तिघांनी कुरकुर केली. आबा म्हणाला, "पाणी तिचं जातंय, तुमचं न्हाई. गप ऱ्हावा."

मुखाशी आबा पाटात उतरला, तसं थंड पाण्यानं त्याच्या अंगावर काटा आला. सेक्रेटरी पँट दुमडून काठानं चालला, घसरत, आन् मागनं आम्ही सगळे. आबानं कुदळ टेकवली आन् चालू झाला. पहिलं दार, दुसरं दार. कुणाचं, कुणी दिलं, बैठकीत कुणी नाक मुरडलं, पाळीच्या बदल्यात बैठकीला कापलेला बोकड कुणाचा होता आन् तो किती चिवट निघाला. आकडा एकदाही तोंडात नाही. उंबराचं दार, खेकड्याच्या दगडाचं दार, रंडक्याच्या बांधाचं दार. सेक्रेटरी आधी लिहीत होता, मग लिहायचं सोडून नुसता ऐकायला लागला.

सोळावं दार सोडून घळीपाशी आले. तिथं पाट लाकडाच्या पन्हळीतनं पलीकडं जातो. आबानं पन्हळीच्या ओल्या कडेवर हात ठेवला, शेवाळ बोटांना लागलं, आन् म्हातारा मोठ्यानं हसला.

"ही पन्हळ! जुनी मोडली हुती, ऐन नाचणीत. सगळा पाट घळीत पडायला लागला. तवा अनाएलीनं आपल्या परसातलं कापराचं झाड पाडलं, चौदा दिस कोरलं. त्याबदली पाटानं त्याला पाचव्या दिसाची दुपार दिली. बाप हुताच कुठं? बाप त्याच्या आदल्या सालीच गेलेला. आन् किसांगा, तू बोंबललास, मला काय, मला काय. तवा दादानं वाटणीतली खालची केळीची बाग तुला सोडली. हितंच उभा हुतास की तू! नव्या पँटीत!"

किसांगा तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं पन्हळीकडं बघितलं. खाली घळीकडं बघितलं. त्याचा चेहराच बदलला.

"आईच्यान..." तो म्हणाला. "मी घसरलो हुतो."

"घसरलास न्हाई, कोसळलास. हां म्हणून हात पुढं केलास आन् गेलास खाली."

"पँट फाटली. हितनं हितवर." त्यानं मागं हात नेऊन दाखवलं. "दादानं आपली लुंगी सोडून मला दिली आन् सोता सदऱ्यावर घरला गेला. आबा, खरं सांगतो, हे मी पार इसरलो हुतो. बाग तर मला जन्मापासनं माझीच वाटत हुती."

लोक हसून हसून पाटाच्या काठावर बसले. आयकारुवाही हसली, आन् हसता हसता तिनं डोळे पुसले. सदऱ्यावर घरी आलेला नवरा तिला आठवला असणार. त्यानं त्या दिवशीही तिला काही सांगितलं नव्हतं, लुंगी वाहून गेली एवढंच.

सेक्रेटरीनं तिथंच, गुडघ्यावर वही ठेवून, आयकारुवाचं नाव लिहिलं. मग म्हणाला, "आबा, आधीची सोळाही मला परत तपासायला लागतील."

"तपास की. उद्या सकाळी ये. जोडे काढून."

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही पाच-सहा जण उगाचच आयकारुवाच्या पाटाच्या दारापाशी जमलो. किसांगा म्हणाला, पहिल्या पाण्याला दार मी मोडतो.

"मोडा की भावजी," आयकारुवा म्हणाली, "पण पडू नका. मला पँट शिवायला येत न्हाई."

किसांगानं कुदळीनं दारातली माती आन् केळीचा खुंट बाजूला केला. पाणी नाचणीत शिरलं. आयकारुवा लुगडं खोचून पुढं पुढं वाट करून देत गेली, पार कोपऱ्यातल्या शेवटच्या रोपापर्यंत.