आईनं तपासलेल्या सूचना

चाकणच्या ज्या कंपनीत मी ट्रेनिंग विभागात काम करते, तिथं गेल्या वर्षी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, एक टॅबलेट बसवायचं ठरलं. नव्या ट्रेनींनी त्यावर प्रश्न विचारायचा आणि आतल्या एआय मदतनीसानं उत्तर द्यायचं. एका शिफ्टला सुपरवायझर एक आणि ट्रेनी चाळीस, त्यामुळे कल्पना सगळ्यांनाच आवडली. फक्त मदतनीसानं कसं बोलायचं, काय सांगायचं, काय टाळायचं, हे त्याला आधी लिहून द्यावं लागतं. साहेबांनी चार विभागांकडून अशा सूचना मागवल्या आणि त्यांना मार्क द्यायचं काम माझ्याकडे आलं. मराठीत एम.ए. केलेली कंपनीत मी एकटीच.

अडचण एवढीच की त्या चारांतल्या एका विभागाच्या सूचना मीच लिहिल्या होत्या. साहेबांना हे ठाऊक होतं. तू प्रामाणिक आहेस, बरोबर देशील, असं म्हणून ते मीटिंगला निघून गेले.

मी भाषा, नीटनेटकेपणा, नम्रता आणि मांडणी यांना पाच-पाच मार्क ठेवले. माझ्या सूचनांना वीसपैकी अठरा पडले. खरंच सांगते, लबाडी केली नव्हती. त्या दिसतच होत्या तशा. सगळ्यांत कमी, नऊ मार्क, मेंटेनन्सच्या फोरमनकाकांना. काका चाकणजवळच्याच एका गावातले, घरची शेती सांभाळून नोकरी करणारे. त्यांनी वहीच्या तीन पानांवर बोलल्यासारखं लिहिलं होतं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही.

रविवारी दुपारी पिंपरीच्या घरी हे कागद घेऊन बसले होते. समोर आई मेथी निवडत होती. आईनं भोसरीच्या एका कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर सव्वीस वर्षं काढली. तिनं काय चाललंय ते विचारलं, मार्कांचा तक्ता पाहिला आणि म्हणाली, "या सूचनांवर मशीन चालवून बघितलं का?"

टॅबलेट अजून यायचाय, असं मी सांगितलं.

"मग मार्क कशाचे दिलेस? आम्ही वायरी नुसत्या बघून पास करत नव्हतो. जोडायचं, दिवा लागतो का बघायचं." तिनं हात पुसले, चष्मा लावला. "आण इकडं. मी मशीन होते, तू नवीन पोरगी हो."

अट एकच होती. ती कागदावर असेल तेवढंच बोलणार, स्वतःच्या मनाचं काही नाही. मी पहिल्यांदा माझ्याच सूचना तिच्या हातात दिल्या आणि हातमोजे कुठं मिळतात ते विचारलं.

"नमस्कार. आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद. कृपया आपला कर्मचारी क्रमांक सांगा."

मी सांगितला. मग तिनं विभाग विचारला, मग शिफ्ट, मग हातमोज्यांची जागा सांगितली. दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा नमस्कार, पुन्हा क्रमांक. आत्ताच तर दिला, असं मी म्हटल्यावर तिनं बोट ठेवून दाखवलं. 'प्रत्येक प्रश्नापूर्वी' असं मीच लिहिलं होतं. पाचव्या नमस्काराला आम्ही दोघी हसून बेजार झालो.

मग मी विचारलं, मशीनमधून जळका वास येतोय, काय करू? नमस्कार झाला, क्रमांक झाला. तिनं पान उलटून वाचलं, "तांत्रिक बाबींविषयी मत देऊ नये. सुपरवायझरशी संपर्क साधण्यास सांगावे."

मी म्हटलं, सुपरवायझर जेवायला गेलेत.

आईनं शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं आणि कागद खाली ठेवला. "पुढं काही लिहिलं नाही. मशीन बंद कर, एवढं तरी लिहायचं गं."

त्यानंतर तिनं जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात तिच्या टेबलाखालून असाच वास यायला लागला होता. विचारायची लाज वाटली, लाइनच्या सुपरवायझर बाई चिडतील अशी भीतीही वाटली, म्हणून ती तशीच वायरी जोडत राहिली. शेजारच्या बाईनं धूर बघून बटण बंद केलं तेव्हा कुठं ती उठली. मी माझ्या अठरावर काट मारली.

मग काकांची पानं घेतली. त्यात पहिलंच वाक्य होतं: 'नवीन पोरगं आठ दिवस लाजतं, म्हणून आधी उत्तर द्यावं, नाव-नंबर मागनं इचारावं.' पुढं होतं: 'वास, धूर, येगळा आवाज, काय बी आलं तर पयलं लाल बटण, मग बाकीचं बोलणं. कारण मशीन दुरुस्त होतं, हात होत न्हाई.' प्रत्येक सूचनेला असं कारण जोडलेलं. त्यामुळे मी कागदात नसलेलं काही विचारलं तरी आई त्या कारणावरून उत्तर काढत होती. अडली फक्त एका ठिकाणी. 'चार नंबरची प्रेस सकाळी रुसते, तिला सांभाळून घ्यावं.'

"सांभाळायचं म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही," आई म्हणाली. "चहा देऊन बघ."

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं आणि नवे मार्क पुढं ठेवले. काकांना सोळा, मला सहा. साहेबांनी तो खेळ मीटिंगमध्येच लावला. ते ट्रेनी झाले, मी मशीन. तिसऱ्या वेळी कर्मचारी क्रमांक मागितल्यावर त्यांनी हात जोडले आणि माझ्या सूचना बाजूला ठेवल्या. सगळे हसले, मलाही हसू आवरेना. आदल्या दिवशी जेवढी लाज वाटली होती तेवढी तिथं वाटली नाही.

दुपारी मी प्रेस शॉपमध्ये जाऊन काकांना त्या रुसण्याचा अर्थ विचारला. सकाळी तेल गार असतं, प्रेशर बसत नाही, दहा मिनिटं मशीन रिकामं चालवावं लागतं, असं त्यांनी समजावलं. मग तसंच का नाही लिहिलं?

"लिव्हलं असतं म्याडम," ते म्हणाले, "पर आमची भाषा बरोबर न्हाई. तुमी तपासणार म्हणल्यावर थोडक्यात आवरलं."

हे मला लागलं. मी त्यांना आधीचे नऊ मार्क आणि आईनं घेतलेली परीक्षा, सगळंच सांगून टाकलं. नऊ म्हणजे पास की नापास, एवढंच त्यांनी विचारलं. नापास, मी म्हटलं, पास दहाला होतं, पण आता सोळा आहेत.

"मग चार कुठं गेले?"

"रुसण्यात."

ते मनापासून हसले. पुढचे तीन दिवस चहाच्या सुट्टीनंतर आम्ही कॅन्टीनमध्ये बसून चारही विभागांचा मिळून एकच संच तयार केला. शुद्धलेखन मी सुधारलं, पण 'आपत्कालीन परिस्थितीत' असं काही त्यांनी मला लिहू दिलं नाही.

टॅबलेट लागला त्या आठवड्यात एका नव्या मुलीनं वास येतोय म्हणून विचारलं, उत्तर वाचलं आणि लाल बटण दाबलं. लाइन पंधरा मिनिटं थांबली. मोटारीवर पुसायची चिंधी राहिली होती, बाकी काही नाही. काकांनी सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली.

त्या शनिवारी त्यांनी शेतातले कांदे पिशवीभर आणून दिले, आईसाठी. रविवारी आईनं भजी केली. सोमवारी मी डब्यातून थोडी काकांसाठी नेली. गार झाली होती तरी त्यांनी सगळी खाल्ली आणि मीठ थोडं कमी पडलंय, असं आईला सांगायला सांगितलं.