रेथा रडत नाही

अमेरिकेतल्या आर्कान्सात हायवेलगत प्रवाशांच्या करमणुकीची एक शेड होती. तिथं वनेटा कॉगिन्स कोंबड्यांना शिकवायची. पेटीत नाणं टाकलं की तिची कोंबडी छोट्या पियानोवर चोची मारायची आणि खाली चार दाणे पडायचे. वनेटाचा नियम एकच. हवं ते केलं की त्याच क्षणी दाणा, नको ते केलं की पाठ फिरवायची. मारायचं नाही, ओरडायचं नाही, बघायचंसुद्धा नाही.

बाई एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिला लेक झाली, रेथा, आणि वनेटानं तोच नियम पाळण्यातल्या पोरीला लावला. मूल रडलं की पाठ. गप्प झालं की उचलून पापे.

"अगं, लेकरू आहे ते, कोंबडी नाही!" सासू दाराशी कळवळायची.

"आई, तुम्ही उचललंत की ती उद्या जास्त रडेल. व्हा बाहेर."

दीड वर्षात रेथा रडायची थांबली. चर्चमध्ये बाया म्हणायच्या, "वनेटा, काय गुणाचं पोर गं तुझं!" ती फुलून जायची. आपल्यालाही कोणीतरी दाणे टाकतंय, हे त्या हुशार बाईच्या डोक्यात कधी आलं नाही.

रेथा सात वर्षांची असताना एकदा दोन दिवस वाकून चालत होती. ताटातलं ताटातच राहायचं.

"पोट दुखतंय का गं?" आजीनं विचारलं.

रेथानं आधी आईकडे पाहिलं, मग मान हलवली. नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी ती पिंजऱ्यांपाशी कोसळली.

अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर संतापला. "अहो, या दुखण्यानं बाप्ये गडाबडा लोळतात! ही पोरगी ओरडली कशी नाही?"

वनेटाला उत्तर माहीत होतं.

पोरगी वाचली. चौथ्या दिवशी नर्स तिच्या जखमेतली पट्टी ओढून काढत होती. रेथाचे ओठ पांढरे पडले, बोटं चादरीत रुतली, पण आवाज नाही. वनेटा खाटेवर वाकली. तिला ते बघवेना.

"रड गं राणी. मोठ्यानं रड. मी इथंच आहे, कुठ्ठं जात नाही."

आईला नेमकं काय हवंय, याचा रेथानं क्षणभर अंदाज घेतला. मग ती गोड हसली.

"मला मुळीच दुखत नाही, आई."