माझे थेंब जावेला दिले न्हाईत

बायांनो, आज धाकटी जाऊ माझ्यावर रुसली.

मला काचबिंदू हाय. आधीच्या बाटलीतल्या थेंबांनी डोळे लई जळायचे, म्हणून डॉक्टरनं बिनप्रिझर्वेटिव्हचे, म्हंजी औषध टिकवायचं रसायन नसलेले, दोन औषधं एकात असलेले थेंब दिले. इवलीशी कुपी, एकदा फोडली की उरलेलं फेकायचं.

सकाळी फेकत व्हते, तर जाऊ म्हणाली, "आक्का, फेकता कावून? माझा डोळा लाल झालाय, टाका की."

म्हणलं, "तुला दमा हाय. हे औषध द्यायच्या आधी डॉक्टरनं मला दम्याचंच इचारलं व्हतं. दमा असंल तर ह्यानं धाप लागती म्हणं."

"फेकाल, पण मला देणार न्हाईत," म्हणून तरातरा गेली.

तुमच्यातबी एकीचे थेंब दुसरीच्या डोळ्यात घालत्यात का? आमच्यात आजपास्नं बंद. उद्या तिला गेवराईला डोळा दाखवायला नेणार हाय. रुसायचं तर एसटीत बसून रुस म्हणावं.