कुंदाकाकूंचा मोकळा हॉल

मोबाइलवर मिस्ड कॉल दिसला तेव्हा मी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात पाण्याच्या मोर्चाची पत्रकं वाटत होते. बॅलन्स नव्हता, पीसीओवरून फोन लावला. कुंदाकाकूंची सून वैशाली एवढंच म्हणाली, "आई गेल्या गं…" आता काही आठवड्यांनी लिहायला बसलेय, तर काकूंच्या आधी त्यांचा हॉलच डोळ्यांपुढे येतोय.

हॉल म्हणजे बिल्डरने हॉल म्हणून विकलेली एक खोली. धड पाय पसरायला जागा द्यायची नाही आणि जाहिरातीत मात्र 'प्रशस्त' छापायचं! या लुबाडणुकीवर मी कितीदा लिहिलंय. काकूंनी खोलीच प्रशस्त करून दाखवली. दिवाण आतल्या भिंतीला, खिडकीपाशी काही नाही, भिंतीकडेने चटया, मधली जागा मोकळी. "आलेल्यासाठी कुणाला 'सरक' म्हणावं लागलं, की तो पुढच्या वेळी दारातूनच परत जातो," त्या म्हणायच्या. काका गेल्यावर एकट्या राहणाऱ्या या बाईला दारातून परत जाणारं माणूस सहन व्हायचं नाही.

एका दिवाळीला मुलाने, महेशने, मीरा रोडहून कौतुकाने सोफासेट पाठवला. मरून रंगाचा, वर प्लास्टिक तसंच. खिडकी झाकली, मधली जागा गेली. संध्याकाळी मटार सोलायला येणाऱ्या बायका दारातच थबकू लागल्या. शेजारच्या जिग्नाबेन म्हणाल्या, "नहीं कुंदाबेन, पैर गंदे हैं, बाद में आती हूँ." नंतर काही त्या आल्या नाहीत. मी भडकले. "काकू, हा सोफा नाही, अतिक्रमण आहे! पत्रक काढू?"

"काढ हो पुढारीणबाई, मोर्चाही आण. आधी चहा घे."

हसल्या खऱ्या… पण त्या दिवसांत चहाचं मोठं पातेलं फळीवरून खाली येत नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र सगळ्या आल्या आणि जमिनीवर बसल्या. सोफ्याला पाठी टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. सोफ्यावर काय, तर वाणाचं ताट! तेवढ्यात महेश आला. "आई, अगं सोफा कशाला दिलाय मी?"

"टेकायला बरा आहे रे. फक्त तो बसलाय म्हणून आम्हाला नीट बसता येत नाही."

बायका खो-खो हसल्या, महेशही हसला आणि पुढच्याच रविवारी टेम्पो आणून सोफा घेऊन गेला. त्या संध्याकाळी जिग्नाबेन मटारची पिशवी घेऊन आत आल्या, आणि काकूंनी मोठं पातेलं काढलं. पुढे पाण्याच्या आमच्या सगळ्या बैठका तिथेच झाल्या. सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरीच्या टेबलासमोर गप्प राहणाऱ्या बायका काकूंच्या भिंतीला टेकल्या की बोलायच्या. चांगल्या तावातावाने बोलायच्या.

महेश आणि वैशाली आता तिथे राहायला आलेत. सोफा मीरा रोडलाच कुणाला तरी देऊन टाकला म्हणे. परवा गेले, तर सामान चढत होतं. काचेचं भलंमोठं कपाट धरून हमाल विचारत होता, "भाभी, किधर रखूँ? खिडकी के पास?" माझं भाषण अगदी ओठांवर आलं होतं.

"उधर नहीं," वैशाली म्हणाली, "उधर लोग बैठते हैं."

मग माझ्याकडे वळली. "उभी काय राहिलीस? जा, बस ना."