हंगामी गडी

मी कबड्डी खेळून पोट भरायचो असं सांगितलं, की नवीन माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग दंडाकडे. दोन्हीकडे बघण्यासारखं काही नाही. तेव्हाही नव्हतं. पौडच्या बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. भित्र्या माणसाला लोक ‘बांगड्या भर’ म्हणतात. मला तर त्या घाऊक भावात मिळत होत्या.

अंगात ताकद नव्हती, पण पळणं होतं. चढाईला गेलो की माझी नजर समोरच्या गड्यांवर कमी आणि परतीच्या मध्यरेषेवर जास्त. गुण आणायचो नाही, पण सापडायचोही नाही. आमचा संघ पुढे असला की शेवटी मला पाठवायचे. मी समोरच्यांच्या अंगणात दम घुमवत इकडून तिकडे फिरायचो आणि वेळ संपवून धडधाकट परत यायचो. ही काही कला आहे आणि तिच्यावर नोकरी मिळते, यावर माझ्या वडिलांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

भात काढल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरात आम्ही हा खेळ शिकलो. पंच म्हणून बांधावर कोंडिबा बसायचे. जुने पैलवान, शब्दाला वजन, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना रेषाही दिसायची नाही आणि गडीही. शिट्टी मात्र खणखणीत. त्यामुळे आमच्यात रीतच पडली होती. ज्याला हात-पाय लागला त्याने आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. कुणी लपवलं आणि मागाहून कळलं, तर हंगामभर त्याला कुठल्याच बाजूने घ्यायचे नाहीत. मी तर काठावरचा गडी. मला न घ्यायला लोकांना कारणच हवं असायचं, म्हणून मी सगळ्यांच्या आधी हात वर करायचो. कधीकधी वाराच लागलेला असायचा.

शेजारच्या रिहे गावचा हैबतराव आमच्या भागातला सगळ्यात तगडा गडी. चिंचवडच्या एका कारखान्याने त्याला संघासाठी नोकरीवर घेतला होता. ऐंशी साली त्याने मलाही तिथे नेलं. साहेबांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि हैबतरावला विचारलं, “हा खेळतो?”

“सापडत न्हाई साहेब,” हैबतराव म्हणाला. माझ्याविषयी एवढं चांगलं तोवर कुणी बोललं नव्हतं.

मला हंगामी म्हणून घेतलं. सकाळी लेथ मशीनखालचा लोखंडाचा कीस गोळा करायचा आणि दुपारनंतर मैदानावर जायचं. सामन्यात मी बहुतेक वेळा राखीव. आत खेळणाऱ्यांची घड्याळं, ताईत आणि एकाचा खोटा दात माझ्या खिशात असायचा. दर काही महिन्यांनी कारखाना आम्हा हंगामी लोकांना घरी पाठवायचा आणि पुन्हा बोलवायचा. घरी आलो की वडील विचारायचे, “हरून आलास का हाकलून?” तरी मला संघाच्या बनियनचा फार अभिमान होता. पाठीवर आकडा होता. पौडच्या एसटीत मी तो दिसावा म्हणून थंडीतही स्वेटर काढून बसायचो.

त्याच एसटीत फहमिदा दिसायची. कापडवाल्या हाफीजभाईंची मुलगी. तिने एकदा विचारलं, “आकडा कशाचा? तुमाला मोजून ठिवत्यात का?” मी तिथेच गारद झालो. वडिलांनी मागणी घातली तेव्हा हाफीजभाई म्हणाले, “पोरगा कायम झाला की या. हंगामी जावई नको.”

म्हणजे आता सगळं त्या एका शब्दावर येऊन अडलं. मला कायम व्हायचं होतं. कारखान्यात, संघात आणि हाफीजभाईंच्या उंबऱ्यातही. चौऱ्याऐंशी साली कामगारांच्या स्पर्धेत आमचा संघ अंतिम फेरीत गेला. साहेबांनी आदल्या दिवशी हंगामी गड्यांना बोलावून सांगितलं, “जिंकलात तर कायम. हरलात तर पुढच्या वर्षी कबड्डीचा संघच ठेवायचा का, ते बघू.”

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि आमच्या डाव्या कोपऱ्याच्या गड्याचा गुडघा गेला. हैबतरावने मागे वळून पाहिलं. राखीवांत मीच होतो, त्यामुळे निवडीचा प्रश्न नव्हता. खिशातला ऐवज पाणीवाल्याकडे दिला आणि आत गेलो. आश्चर्य म्हणजे मी वाईट खेळलो नाही. शेवटची चढाई उरली तेव्हा गुण बरोबरीत होते. चढाई समोरच्यांची होती. त्यांचा गडी रिकामा परतला असता तर जादा वेळ मिळाला असता, आणि त्यांची दमछाक झालेली दिसत होती.

तो माझ्या कोपऱ्यात आला, मागे वळताना लाथ मारली आणि निघाला. त्याच्या अंगठ्याचं नख माझ्या पोटरीला पुसटसं लागलं. त्याला ते कळलं नाही. मान खाली घालून तो परत चालला होता. पंच दुसऱ्या बाजूला बघत होते. आणि मी हात वर करून मैदानाबाहेर निघालो होतो.

लोक याला प्रामाणिकपणा म्हणतात. तसं काही नव्हतं. विचार करायला वेळ मिळाला असता तर मी हात पाठीमागे बांधून ठेवला असता. बाहेर जाऊन बसलो तेव्हा कुठे मला कळलं, की हे पौडचं खाचर नाही. शिट्टी झाली आणि आम्ही एका गुणाने हरलो.

परतताना गाडीत हैबतराव माझ्या शेजारी खिडकीपाशी बसला. मग म्हणाला, “अन्वर, पंचानं बघितलं न्हवतं.”

“व्हय.”

“त्या गड्याला बी ठाव न्हवतं.”

“लागला होता पण.”

“लागला व्हता, दिसला कुटं व्हता?” असं म्हणून त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. मला त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साहेबांनी संघ मोडला. हैबतराव आधीच कायम होता, त्याला खात्यात मशीनवर घेतलं. मला घरी पाठवलं, ते पुन्हा बोलावलं नाही.

पौडला आलो आणि कुणी सांगायच्या आत स्वतःच हाफीजभाईंच्या दुकानात गेलो. “मी कायम झालो नाही,” म्हटलं.

“समदा गाव सांगून गेला,” ते म्हणाले. “कुनीच बघितलं न्हवतं?”

“नाही.”

त्यांनी समोरचं ठाण गुंडाळून बाजूला ठेवलं. “तुला ह्या दुकानात मी कदी बसवनार न्हाई. गिऱ्हाइकानं इचारायच्या आदी सांगशील, रंग जाईल म्हनून.”

मी उठलो.

“बस. पोरगी देतो. तिनं हट्टच धरलाय. दुकानात नको, पर घरात असला मानूस मला बी चालंल.”

मला इतका आनंद झाला, की पायातली चप्पल कुठे काढली ते आठवेना. हाफीजभाईंनी चहा मागवला आणि सहज विचारलं, “मंग आता करनार काय?”

“खेळणार,” मी म्हणालो.

“कुनाकडनं?”

मी तोंड उघडलं. घेण्यासारखं एकही नाव माझ्याकडे नव्हतं. मी एकतीस वर्षांचा होतो. चहा आला तेव्हा हाफीजभाईंनी कप माझ्यापुढे सरकवला आणि तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.