पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे गेली

चि. अनघा आणि चि. रोहन,

परवा फोनवर रोहनने विचारलं, "आजी, तू कधी भूत पाहिलंस का गं?" मी नाही म्हटलं, आणि ते खरंच आहे. भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीच मी मानत नाही. कॉलेजात फिजिक्स घेतलं, पुढे सोलापुरात मुलींच्या शाळेत जन्मभर शास्त्र शिकवलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, एक गोष्ट सांगायची राहिलीच. तिच्यात भूत कुठेच नाही. एक मोटारसायकल आहे.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, म्हणजे चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल. आम्ही सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ भाड्याच्या घरात राहत होतो. तुमचे आजोबा सरकारी गुरांचे डॉक्टर. मंद्रूपच्या पुढची, भीमेच्या बाजूची खेडी त्यांच्याकडे होती. तिकडे रस्ता असा नव्हताच. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, धोंडे आणि फुफाटा. त्यावरून ते आपली टू-स्ट्रोक मोटारसायकल हाकायचे. टू-स्ट्रोक म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालायची गाडी. धूर फार, आवाज त्याहून फार.

त्या उन्हाळ्यात ती बिघडली. सुरू व्हायची, पण हळू चालवली की भकभक करायची, मध्येच फटाका वाजायचा, चढावर दम सोडायची. आमचे मेकॅनिक बशीरभाई एका दिवसात प्लग बदलत, कार्बोरेटर धूत आणि ऑइलचं मापही कमी करत. मग नेमका कशाने फरक पडला ते कसं कळणार? मी एक वही केली आणि नियम केला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन दिवस चालवायची, मग पुढची.

"डाक्टरसाब जनावरां देखते, भाभी इंजिन देखते," बशीरभाई म्हणाले. "मैं क्या करूं? चाय पिऊं?"

"चहा प्या, पण स्क्रूला हात लावू नका," मी म्हटलं.

तीन आठवड्यांत प्लग झाला, कार्बोरेटरचा जेट झाला, ठिणगी पाडणारे पॉइंट घासून झाले, सायलेन्सरमधली काजळी काढून झाली. भकभक तशीच.

अशात एका रविवारी सकाळी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. तायव्वा नावाच्या धनगर बाईची मेंढरं पटापट मरत होती, तीन दिवसांत सात. नवरा गेल्यावर तिच्याजवळ होतं ते तेवढंच, साठ-सत्तर मेंढरं. आजोबांनी ओळखलं, आंत्रविषार, म्हणजे मेंढरांचा आतड्याचा रोग. राहिलेल्यांना त्याच दिवशी लस टोचली तर कळप वाचणार, नाहीतर आठवड्यात संपणार. ऑफिसची जीप दुसरीकडे गेलेली. लस थंड राहायला हवी, म्हणून थर्मासात बर्फ घालून घेतली. तो बर्फ उन्हात फार तर तीन-चारपर्यंत टिकला असता.

थर्मास धरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी मागे बसले. शिवाय गाडी नेमकी केव्हा अडखळते ते मला स्वतः पाहायचं होतं. मांडीवर थर्मास, हातात वही-पेन्सिल. मंद्रूप ओलांडेपर्यंत गाडीने माझं एक पान भरलं.

पुढे एक कोरडा ओढा लागतो. निरोपाप्रमाणे ओढा ओलांडून सरळ गेलं की एका शेतात तायव्वाचा तळ. ओढ्यात उतरायच्या तोंडाशी गाडीने आचका दिला, आता बंद पडणार असं वाटलं, आणि पुन्हा धडधडू लागली. आजोबांनी पहिला गिअर टाकून क्लच सोडला... आणि गाडी मागे गेली!

मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो, मुलांनो. मी पडता पडता वाचले.

"अहो, काय केलंत?"

"मी काय केलं? पहिलाच टाकलाय. बघ!"

मी उतरून पाहिलं. पहिलाच होता. त्यांनी इंजिन बंद करून परत किक मारली, गिअर टाकला. परत मागे, चांगले चार-पाच हात. आता ते चिडले. "थर्मास आण इकडे, मी चालत जातो."

"या उन्हात? किती लांब आहे ते तरी माहीत आहे का? आधी गाडी फिरवून पाहा."

त्यांनी तोंड सोलापूरकडे केलं, किक मारली. गाडी पुढे चालली. भकभकसुद्धा नाही, अगदी शिवणयंत्रासारखी. आम्ही हुश्श केलं, वळवली, ओढ्याकडे तोंड केलं. तोच आचका, आणि तिसऱ्यांदा मागे.

आजोबांनी हँडल वळवलं. मग म्हणाले, "ओढ्याच्या काठाने एक वाट आहे. तीन मैलांचा वळसा पडेल. चल." काठाने गाडी तक्रार न करता निघाली. मैलभर गेलो असू, तोच समोर धुळीचा लोट, आणि त्यातून मेंढरं. पाठीमागे काठी घेऊन तायव्वा.

"डाक्टर, तुमी हिकडनं कसं काय?" ती थांबलीच. "सकाळीच हाकललं की त्या शेतवाल्यानं. म्हनला, तुजी मेंढरं मरत्यात, माझ्या रानात नगं. निरोप तर कालचाच हुता. तितं आता कोन बी न्हाय."

त्या ओढ्यापलीकडे गेलो असतो तर रिकामं शेत सापडलं असतं. तिला शोधेपर्यंत बर्फाचं पाणी झालं असतं.

एका बाभळीखाली लसटोचणी झाली. मी सुया उकळत होते, तायव्वा एकेक मेंढरू पायांत धरत होती. मी तिला गाडीचं सांगितलं. तिला काहीच नवल वाटलं नाही.

"जनावर अडतंय की येळंला. पानी पाजलं हुतं का तिला?"

"ती पेट्रोल पिते," आजोबा म्हणाले.

"मग त्येच कमी पडलं आसंल," असं म्हणून तिने पुढचं मेंढरू ओढलं.

त्यानंतर तिची दोनच दगावली. बाकी सगळी राहिली.

दुसऱ्या दिवशी बशीरभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "होता ऐसा, भाभी. टू-स्ट्रोक मरते मरते उलटा फिरा तो उलटाच चलता. टाइमिंग सरका होंगा." म्हणजे उलटं चालण्यात अमानवीय काही नाही, हे मीही मान्य करते. पण त्यांनी माझ्यासमोर टाइमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तपासलं, तर ते केसभरही हललेलं नव्हतं. मुद्दाम उलटी चालवायचा प्रयत्न केला, तर टाइमिंग पार बिघडवल्यावर कशीबशी एकदा चालली. आणि तीन आठवड्यांची भकभक? ती कोणी स्क्रूला हात न लावता त्या ओढ्यावर गेली, ती गेलीच. पॉइंटमधला एखादा कण उलट फिरताना झटकला गेला असेल, असं मी लिहून ठेवलं. मग तोंड ओढ्याकडे असतानाच अडायचं कारण काय? उतार म्हणावा, तर पुढच्या रविवारी मी आजोबांना तिथेच परत घेऊन गेले. तीच वेळ, तेवढंच पेट्रोल, मांडीवर बर्फाचा थर्मास. गाडी सरळ ओढा ओलांडून गेली. तीनदा गेली.

मला आजही याचं उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी इंजिनिअर झालंच, तर मला जरूर कळवा.

दिवाळीनंतर तायव्वा घरी आली. तिच्या मेंढरांच्या लोकरीचं नवं काळं घोंगडं आणलं होतं. आजोबा संकोचले. "अगं, मी सरकारी माणूस. मला असं घेता येत नाही."

"तुमाला कुटं दिलंय?" ती म्हणाली. अंगणात गेली, मोटारसायकलवर ते पसरलं आणि टाकीवर दोनदा थोपटलं, म्हशीला थोपटावं तसं.

ती गेल्यावर मी घोंगडं घडी करून आत ठेवायला उचललं. आजोबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि परत गाडीवर घातलं. मी शास्त्राची शिक्षिका, दोन शब्द बोलायला हवे होते. पण एका बाजूने ते जरा खाली लोंबत होतं, तेवढं सरळ केलं.

— तुमची आजी